विषय : देवाणघेवाणीत मिळालेल्या लाइव्ह रेकॉर्डिंगची चुकीची प्रतवारी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या देवाणघेवाण सेवेचा मी जुना सभासद आहे. माझ्या संग्रहातील एका कॅसेटच्या बदल्यात आपण मला एका मैफलीचे जे रेकॉर्डिंग दिले, त्यावर ‘साउंडबोर्ड, मूळ टेपवरून, श्रेणी अ+’ अशी नोंद होती. यांपैकी एकही गोष्ट खरी नाही.

साउंडबोर्डवरून, म्हणजे मैफलीतले सर्व माइक जिथे जोडलेले असतात त्या ध्वनिमिश्रण यंत्रावरून, थेट घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज कोरडा आणि अगदी पुढे असतो, तर टाळ्या लांबून आल्यासारख्या वाटतात. येथे मात्र दुसऱ्या गाण्यात माइकजवळ बसलेल्या कोणाचा तरी खोकला गायकापेक्षा स्पष्ट ऐकू येतो. फाइल फ्लॅक, म्हणजे आवाजातला तपशील न गाळणाऱ्या स्वरूपातली असली, तरी तिच्या स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनसंख्यांच्या आलेखात) १६ किलोहर्ट्झच्या वर अचानक काहीच उरत नाही. जुन्या कॅसेटमध्येही वरच्या पट्टीतले आवाज क्षीण होतात, परंतु ते हळूहळू विरत जातात; अशी सरळ तुटलेली कड ही बहुधा १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीची खूण असते, आणि तेथे गमावलेला तपशील पुन्हा फ्लॅक केल्याने परत येत नाही.

याबाबत मी विचारणा केली असता, ‘आवाज स्वच्छ आहे, हिस ऐकू येत नाही, म्हणून अ+’ असे उत्तर आपल्याकडून आले. माझी मुख्य तक्रार या निकषाविषयीच आहे. हिस, म्हणजे टेपची सततची सळसळ, घालवण्यासाठी नॉइज रिडक्शन इतके चढवले आहे की सिम्बलवरचा (ड्रमसेटमधल्या धातूच्या तबकडीवरचा) आघात तेवढा ऐकू येतो, पण त्यामागून रेंगाळणारा नाद पाण्याखाली वाजल्यासारखा गुळगुळतो. थोडी हिस असलेली पहिल्या पिढीची, म्हणजे थेट मूळ टेपवरून काढलेली प्रत याहून कितीतरी सरस असते, आणि आपल्या यादीत अशाच प्रतींना ‘ब’ मिळालेला दिसतो. प्रेक्षागृहातून केलेले रेकॉर्डिंग मुळातच कमी प्रतीचे असते, असेही माझे म्हणणे नाही. ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा राखून ठेवली आणि त्या जागेवरून चांगल्या माइकने घेतलेली कित्येक रेकॉर्डिंग्ज संग्राहक आजही आवडीने ऐकतात. आक्षेप आहे तो उगम लपवण्याला.

तरी ही श्रेणी मागे घेऊन माझी कॅसेट मला परत करावी किंवा तिच्या तोडीचे, खात्रीचे रेकॉर्डिंग द्यावे. तसेच, रेकॉर्डिंग कोठून व कशावर झाले, हाती आलेली प्रत कितव्या पिढीची आहे आणि संगणकावर तिच्यात कोणते फेरफार केले, एवढी माहिती यापुढे प्रत्येक नोंदीसोबत असावी. ती नसेल तेथे श्रेणीच देऊ नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

कळावे,
आपला एक सभासद

सोबत : स्पेक्ट्रमचे चित्र, दुसऱ्या गाण्यातील संबंधित तुकडा