ठाणेदार साहेब, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मी मत देतो आहे

धनत्रयोदशी, २९ ऑक्टोबर २०२४
नोव्हाय, मिशिगन

मा. श्री ठाणेदार
सदस्य, प्रतिनिधीगृह, अमेरिका

स. न. वि. वि.

ठाणेदार साहेब, माझं घर तुमच्या मतदारसंघात येत नाही, त्यामुळे या पत्राला उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. आमच्या खासदारांना मी इंग्रजीतून वेगळं पत्र पाठवलं आहे. तुम्हाला मुद्दाम मराठीत आणि उघडपणे लिहितोय, कारण तुम्ही बेळगावात वाढलात आणि डेट्रॉईटच्या आसपासच्या मराठी घरांत सध्या काय बोललं जातंय ते तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. हे पत्र दुसऱ्या मराठी मतदारांनीही वाचावं, अशीही इच्छा आहे.

येत्या रविवारी भाऊबीज आहे. आपल्या राज्यात मुदतीआधी मतदान करण्याचा शेवटचा दिवसही तोच. त्यामुळे यंदा फराळाला जिथे जावं तिथे विषय एकच, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. २०१६ साली मिशिगनचा निकाल १०,७०४ मतांनी लागला होता, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. आपलं मत वाया जाणार नाही, हे पक्कं ठाऊक असल्यामुळेच ते देणं यंदा जास्त जड जातंय.

माझ्यापुरता या निवडणुकीतला सगळ्यात मोठा प्रश्न इमिग्रेशनचा आहे. मी १९९९ साली एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलो. तेव्हा भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग फारशी नव्हती. २०१० साली शपथ घेऊन नागरिक झालो. त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन इथे आला. शिक्षण तेच, काम तेच, गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यवसायही तोच. त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, ऑगस्ट २०१४ची आहे. रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये या महिन्यात भारतीयांची ईबी-टूची (उच्चशिक्षित नोकरदारांच्या गटाची) तारीख १५ जुलै २०१२ला येऊन थांबली आहे. गेल्या ऑक्टोबरात ती १ जानेवारी २०१२ होती. म्हणजे वर्षभरात रांग साडेसहा महिने पुढे सरकली. तुम्ही १९७९ साली अ‍ॅक्रनला पीएच.डी. करायला आलात आणि १९८८ साली नागरिक झालात. नऊ वर्षं. आज तुमच्यासारखाच एखादा हुशार मुलगा चिकोडीहून आला, तर नऊ वर्षांत त्याला ग्रीन कार्डसुद्धा दिसणार नाही.

माझी पुतणी इथे आली तेव्हा सहा वर्षांची होती. आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुली रुग्णालयात असिस्टंट म्हणून तासावर काम करतात आणि फीला हातभार लावतात. हिचा व्हिसा एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाचा, त्यावर पगाराचं काम करता येत नाही, म्हणून ही बिनपगारी स्वयंसेवक म्हणून जाते. येत्या मार्चमध्ये ती २१ वर्षांची होईल. अर्ज प्रलंबित असलेले काही महिने वयातून वजा केले, तरी हिशेब जुळत नाही. ती 'एज आऊट' होणार, वडिलांच्या अर्जातून बाहेर पडणार. मग विद्यार्थी व्हिसा. त्यासाठी तिला लिहून द्यावं लागेल की आपलं घर परदेशात आहे आणि शिक्षण संपलं की आपण तिथे परत जाणार आहोत. भावाने सांगलीच्या जमिनीचा सातबारा काढून त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलंय, मुलीचे तिकडे लागेबांधे आहेत हे दाखवायला. त्या जमिनीवर ती आयुष्यात दोनदा गेली आहे.

अशी मुलं देशभरात लाखांच्या घरात आहेत. २०१२ साली ओबामांनी लहानपणी इथे आलेल्या, पण वैध कागद नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून वाचवणारी 'डाका' योजना आणली, ते मला मनापासून पटलं होतं. पण तिच्या अटींत असं होतं की १५ जून २०१२ रोजी ज्यांच्याकडे वैध व्हिसा होता, त्यांना ती लागू नाही. आईवडिलांनी सगळे कागद वेळेवर भरले, म्हणून मूल अपात्र. ही अट गेली बारा वर्षं तशीच आहे.

आता दोन उमेदवार, रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प आणि तुमच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या हॅरिस.

ट्रम्प यांच्याबद्दल आमच्या मंडळात अर्धी मंडळी मऊ झाली आहेत, हे तुम्हालाही दिसत असेल. या मंडळींचा राग मला समजतो. आम्ही रांगेत उभे राहिलो, फी भरली, दर तीन वर्षांनी बोटांचे ठसे दिले. आणि गेल्या डिसेंबरात एका महिन्यात जवळपास अडीच लाख लोक मेक्सिकोच्या सीमेवर पकडले गेले. इमिग्रेशन कोर्टांत ३० लाखांहून अधिक खटले पडून आहेत. सीमेवर शिस्त हवी असं मलाही वाटतं, आणि ते म्हणायला मला संकोच वाटत नाही. पण आमच्या माणसांना मी एकच सांगत आलोय: माझ्या भावाची रांग सीमा ओलांडणाऱ्यांमुळे लांबलेली नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्के, हे काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १९९० साली ठरवलं. उद्या सीमेवर चिटपाखरू फिरकलं नाही, तरी भावाचा नंबर एक दिवसही लवकर लागणार नाही.

शिवाय ट्रम्प यांची मागची चार वर्षं आम्ही विसरलेलो नाही. २०२० च्या जूनमध्ये ट्रम्प यांनी एच-वन-बीवर येणाऱ्यांचा प्रवेशच थांबवला. आमच्या ओळखीचं एक कुटुंब तेव्हा पुण्यात अडकलं. इथे घराचे हप्ते चालू, मुलाची शाळा बुडालेली. या जूनमध्ये तेच ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले की पदवीबरोबरच ग्रीन कार्ड द्यायला हवं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तो तुकडा दिवसभर फिरला. रात्र व्हायच्या आत त्यांच्याच प्रचारयंत्रणेने त्याला इतक्या अटी जोडल्या की हातात काही उरलं नाही. आणि जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दल त्यांची योजना अशी, की आई किंवा वडील यांपैकी एकजण तरी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. एच-वन-बीवरच्या जोडप्याला उद्या इथे मूल झालं, तर तेही रांगेत. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचे हैतीयन लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, असं ते वादसभेत बोलले, ते ऐकून मला लाज वाटली. ती माणसं तिथल्या कारखान्यांत आपल्यासारखीच पाळीला जातात.

हॅरिस यांच्याबद्दलची निराशा वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त लागणारी आहे. त्यांना हा प्रश्न माहीत आहे. २०१९ साली देशनिहाय मर्यादा उठवण्याचं विधेयक सिनेटमध्ये रिपब्लिकन माइक ली यांच्याबरोबर त्यांनीच आणलं होतं. प्रतिनिधीगृहाने १० जुलै २०१९ रोजी तशाच विधेयकाला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मान्यता दिली. सिनेटने २०२०च्या डिसेंबरात मान्यता दिली, पण वेगळ्या मसुद्याला. दोन्ही मसुद्यांचा मेळ घालायला कुणाला वेळ झाला नाही आणि विधेयक मेलं. आज त्याच हॅरिस अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर जातात, कुंपणाशेजारी उभ्या राहतात, फेब्रुवारीत सिनेटमध्ये अडकलेलं सीमा विधेयक परत आणू म्हणतात. त्या विधेयकात एच-वन-बीवाल्यांच्या मुलांना संरक्षण होतं, त्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना होता, वर्षाला ५०,००० जादा व्हिसा होते. हे मी विधेयकात वाचलं. त्यांच्या एकाही भाषणात ऐकलं नाही. १० सप्टेंबरच्या वादसभेत त्यांना सरळ प्रश्न होता: निवडणूक सहा महिन्यांवर येईपर्यंत सीमेबाबत सरकार का थांबलं? त्यांचं उत्तर बघता बघता कुणाच्या सभेला किती गर्दी यावर गेलं. आमच्याकडे येणाऱ्या पत्रकांवर मात्र त्यांची आई श्यामला गोपालन यांचा फोटो असतो. त्या बाईंबद्दल मला आदर आहे. एकोणिसाव्या वर्षी एकटी बर्कलीला येणं १९५८ साली सोपं नव्हतं. पण आईचा देश बघून मत द्या, ही मागणी मला अपमानास्पद वाटते.

मी हॅरिस यांना मत देणार आहे. शनिवारी, बायकोबरोबर जाऊन. जन्माने मिळणारं नागरिकत्व काढून घेऊ म्हणणाऱ्याला मी मत देऊ शकत नाही, आणि माणसांना किडामुंगीसारखं बोलणाऱ्यालाही नाही. पण हे दगडापेक्षा वीट मऊ म्हणून दिलेलं मत आहे, हे तुमच्या पक्षाने नीट समजून घ्यावं. याला आमची पसंती समजू नका. फेब्रुवारीतल्या प्राथमिक फेरीत याच राज्यातल्या एक लाखाहून अधिक मतदारांनी गाझाच्या प्रश्नावर 'अनकमिटेड'वर, म्हणजे कुठल्याच उमेदवाराला पाठिंबा नाही या पर्यायावर, खूण केली, आणि तुमच्या पक्षाचे मोठे नेते त्यांच्याशी बोलायला धावले. आम्ही मराठी, गुजराती, तेलुगू लोक गणपतीला हॉल भाड्याने घेतो, उमेदवारांना बोलावून शाल घालतो, फोटो काढतो. काही मागत नाही. यात चूक आमची मोठी आहे. तुम्ही अशा कितीतरी कार्यक्रमांना आला असाल. तिथे भाषणानंतर कुणी तुम्हाला विधेयकाचा क्रमांक विचारला का?

म्हणून मी आता विचारतोय.

देशनिहाय मर्यादा एकदम उठवली, तर इतर देशांतल्या लोकांचा नंबर मागे जाईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. २०२२च्या डिसेंबरात असंच नवं विधेयक मतदानाला येता येता मागे घेतलं गेलं, त्यामागे हीच धास्ती होती. तुमच्या डेट्रॉईटमध्ये घाना, नायजेरिया, बांगलादेशची माणसं राहतात आणि त्यांचं नुकसान करून आम्हाला काही नको. पण कुणाचंही न बिघडवता करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. दरवर्षीच्या १,४०,००० मध्ये अर्जदाराची बायको-मुलंही मोजली जातात आणि निम्म्याहून अधिक आकडा त्यांच्यातच संपतो. एका अर्जाला एकच नंबर मोजा, रांग सगळ्यांचीच पुढे सरकेल, घानाच्या इंजिनिअरचीही. आणि मुलांचं वय अर्ज दाखल केल्याच्या तारखेला गोठवा. यासाठी दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून मांडलेलं 'अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट' आहे. ते नव्याने लिहायचीही गरज नाही.

माझी विनंती एवढीच, की मुलांचा हा प्रश्न सीमेच्या मोठ्या विधेयकाला बांधू नका. मोठं विधेयक दर वेळी बुडतं आणि हा प्रश्न त्याच्याबरोबर बुडतो. तुम्ही गृहसुरक्षा समितीवर आहात. सीमेवरच्या प्रत्येक सुनावणीत तुम्हाला बोलायला पाच मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट या मुलांसाठी वापरा, म्हणजे निदान कामकाजाच्या नोंदीत ती येतील. आणि समोरच्या बाकावरच्या एखाद्या रिपब्लिकन सदस्याला बरोबर घ्या. २०१९ साली ३६५ मतं मिळाली होती, ती एका पक्षाची नव्हती.

मंगळवारी कुणीही निवडून आलं, तरी नवी काँग्रेस ३ जानेवारीला बसेल आणि जुनी सगळी विधेयकं त्या दिवशी रद्दबातल होतील. ती पुन्हा दाखल करावी लागतील. त्या आठवड्यात मी तुमच्या कार्यालयात फोन करणार आहे आणि मुलांच्या विधेयकावर तुमची सही आहे का, ते विचारणार आहे. नोव्हाय, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्समधल्या वाचकांनी आपापल्या खासदारांना हाच प्रश्न विचारावा.

कळावे,
नोव्हायचा एक मतदार