आवक-जावक टेबलावरच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा क्षेत्रीय कार्यालयात कळलं. समोर येऊन आभार मानायचे राहिले, म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, पण आमच्या गल्लीत हे पत्र कुणाला आहे ते सगळ्यांना कळेल.

दर पावसाळ्यात आमचं चेंबर तुंबायचं आणि मैलापाणी शाळेच्या फाटकापर्यंत यायचं. मुलं मांडलेल्या विटांवरून पाय टाकत वर्गात जायची. त्या काळात नगरसेवकच नव्हते. राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत 2020 ते 2022 या काळात संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. गावात निदान ग्रामसभा असते, उभं राहून सरपंचाला विचारता येतं. शहरात सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात, नागरिकाला तिथे बोलता येत नाही. आणि नगरसेवकच नसतील तर आपल्या हातात उरतो तो फक्त अर्ज.

आमचा अर्ज शिक्का मारून बाजूला ठेवला असता तरी तुमचं काम झालं असतं. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात. चेंबर, बंद दिवे, कचरागाडीची वेळ, भटकी कुत्री, सगळं एकाच कागदावर होतं. तुम्ही म्हणालात, "प्रत्येक विषयाचा वेगळा अर्ज द्या. नाहीतर हा कागद खात्याखात्यांत फिरेल आणि कुणीच तो आपला म्हणणार नाही." नुसतं 'शाळेजवळ' न लिहिता कोणत्या घरासमोर, पाणी कुठून कुठे वाहतं, किती तास साचतं ते लिहायला सांगितलंत. दिव्यांच्या अर्जात खांबाचे क्रमांक हवेत, हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही! पोच नसेल तर अर्ज दिला होता हे उद्या सिद्ध कसं करणार, हा तुमचा प्रश्न आता गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी आहे.

सगळ्यात मोठे आभार मात्र आमच्या शेजारच्या आजींसाठी. त्यांच्या घरात ते पाणी शिरायचं. लोकशाही दिनाबद्दल तुम्ही सांगितलंत तोवर आम्ही ते नाव फक्त फलकावर वाचलं होतं. नागरिकाने आपली तक्रार थेट आयुक्तांसमोर मांडायचा हा दिवस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत तो होतो, विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक असावी लागते. म्हणून गल्लीच्या सह्यांचं निवेदन वेगळं द्या आणि आजींचा अर्ज त्यांच्याच नावाने करा, असं तुम्ही सुचवलंत. आजींना लिहिता येत नाही. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, त्यांचं बोलणं ऐकलंत आणि मला म्हणालात, "त्या जसं सांगतात तसंच लिहा, तुमची भाषा घालू नका." त्यामुळे अर्जात 'आरोग्यास धोका' असं काही आलं नाही. 'रात्री उठून पाणी उपसते, देव्हारा वर टांगला आहे' असं आलं. आजी स्वतः आयुक्तांसमोर बसल्या आणि न अडखळता बोलल्या. त्या खोलीत त्यांच्याइतकी त्या चेंबरची माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती.

त्यानंतर चेंबर साफ झालं, पण लाइन बदलायचं काम पुढे सरकेना. तेव्हा तुम्ही माहिती अधिकाराची वाट दाखवलीत: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'काम का होत नाही' असं विचारायचं नाही. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, त्याच्या नोंदींची प्रत मागायची. तीस दिवसांची मुदत संपायच्या आत उत्तर आलं. तरतूद नाही, एवढंच कारण होतं. कारण कळल्यावर मागणीही नेमकी करता आली. पुढच्या अंदाजपत्रकात पैसे ठेवले गेले आणि लाइन बदलली. आपल्या कार्यालयाविरुद्ध कागद कसा मागायचा हे त्याच कार्यालयात बसून सांगायला धैर्य लागतं. मला त्याची जाणीव आहे.

आता नगरसेवक निवडून आले आहेत, तरी लेखी अर्जाची सवय आम्ही सोडणार नाही. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. आमच्याकडे तशी सोय नाही, म्हणून शाळेसमोरच्या पदपथाची मागणी आम्ही दिवाळीच्या आसपासच देणार आहोत. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं खरं, पण मार्चमध्ये मागून हाती काही लागत नाही. अर्जाचा मसुदा या वेळी शाळेतल्या मुलांच्या आया लिहिताहेत. एक प्रत आयुक्तांना, एक नगरसेवकांना, दोन्हींची पोच.

तुमच्या नव्या कार्यालयाचा पत्ता आजींनी मागून घेतला आहे. त्यांना तुमचे आभार स्वतः येऊन मानायचे आहेत, तेव्हा एखाद्या दुपारी आम्ही दोघी येऊ.

आपली नम्र,
गल्लीतली एक रहिवासी