मंग्या, गाडी खराब नाहीये

नाशिक,
12 जुलै

प्रिय मंग्या,

तुझा परवाचा व्हिडिओ चारदा पाहिला. पहिल्यांदा पोट धरून हसलो, चौथ्यांदा मात्र जीव कळवळला. ड्रिफ्ट करायला, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवायला, गेममध्ये सिल्व्हिया एस-15 सारखी गाडी घेतलीस आणि तिचा भोवरा केलास! वर मेसेज काय, तर "गाडीच खराब आहे, दुसरी सुचव." फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून हे लांबलचक पत्र.

फोर्झा होरायझन 5 या गेममधली ती गाडी मी दोन वर्षं चालवतोय. कारखान्यातून ती निघायची ती दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि 250 च्या आसपास अश्वशक्ती घेऊन. तू इंजिन बदलून तिला हजाराच्या वर नेलीस. हसत नाही, कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीही हेच केलं आणि चार रात्री वाया घालवल्या. कंट्रोलरच्या ट्रिगरचा सगळा प्रवास बोटाच्या एका पेराएवढा. त्यात हजार घोडे कोंबले की बोट केसभर हललं तरी मागची चाकं उधळतात. माझी गाडी आता 420 वर आहे आणि मला कमी पडत नाही. त्सुचिया केइची, ज्याला लोक ड्रिफ्ट किंग म्हणतात, तो जपानच्या घाटांत ज्या टोयोटा एई-86 वर नावारूपाला आला, तिचं इंजिन 1.6 लिटरचं होतं. ताकद जेमतेम 130. आणि आपण दोघं हजार घेऊन निवडुंग तोडत बसलो.

आता मुख्य दुखणं. व्हिडिओ हळू करून पाहिला. गाडी आडवी छान जाते, हँडब्रेकही वेळेवर ओढतोस. पण वळण उलटं फिरलं की तू घाबरून रेस पूर्ण सोडतोस आणि त्याच क्षणी मागचा भाग तुला ओलांडून पुढे येतो. याचं औषध डिफरन्शियलमध्ये आहे, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या भागात. तिथे ती चाकं किती घट्ट जोडायची याचे दोन आकडे असतात, एक रेस देतानाचा, एक सोडतानाचा. पहिला सरळ 100 कर. नाहीतर वळणाच्या आतलं, हलकं झालेलं चाक एकटंच गरगरतं, बाहेरचं नुसतं लोळत राहतं आणि घसर मध्येच तुटते. 100 वर दोन्ही चाकं जोडीने फिरतात. दुसरा आकडा तू ज्याची सेटिंग उचललीस त्याने 20 ठेवलाय. त्याचा हात बसलेला असणार, रेस सोडूनच तो गाडी वळवत असेल. तुझ्यासाठी तो विषच. 80-90 कर. मग रेस सोडलीस तरी मागची चाकं एकमेकांना धरून राहतील, गाडी फिरायच्या ऐवजी सरळ व्हायला बघेल.

दुसऱ्याची सेटिंग उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं. म्हणून माझी फाइलही तुला पाठवणार नाही. शिव्या दे.

पुढच्या चाकांचं मात्र जरा नीट ऐक, मला स्वतःला हे समजायला फार वेळ लागला. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, उणे 5 (वरून आत) ठेव आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल, 7. दोन्ही त्या पट्टीच्या पार टोकाला. मला वाटायचं, हे लोक दिसायला बरं म्हणून चाकं तिरकी करतात. तसं नाही. समज, डावं वळण आहे. गाडी आडवी झाली, तू स्टिअरिंग उजवीकडे ताणलंस. गाडीचा भार कुठे आला? उजव्या पुढच्या चाकावर. आणि कॅस्टरचा गुण असा की उजवीकडे वळवलेलं ते उजवं चाक वरच्या अंगाने बाहेर कलंडतं. म्हणजे ज्या टायरने तुला वाचवायचं, तोच कडेवर उभा! आधीच आत कललेलं चाक असेल तर हे दोन्ही कल एकमेकांना खातात आणि ऐन वेळी टायर रस्त्यावर सपाट बसतो. हे डोक्यात बसलं त्या रात्री बायकोला उठवून सांगणार होतो. नाही सांगितलं, शहाणपणा केला.

गिअरचं सोपं आहे. फायनल ड्राइव्ह, म्हणजे सगळ्या गिअरना एकदम लांब-आखूड करणारा आकडा, असा लाव की अख्खं वळण तिसऱ्यात निघेल. सस्पेन्शन ड्रिफ्टचंच घे, त्याने चाकं जास्त वळतात. ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडीला घसरू न देणाऱ्या मदती, बंद, गिअर हाताने. स्प्रिंग, डॅम्पर यांना आत्ता हात लावू नकोस. आणि काहीही बदललंस तरी एका वेळी एकच, नाहीतर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

कोणी सांगेल, "चारही चाकांना ताकद दे, ड्रिफ्ट झोनमध्ये तीन तारे पटकन मिळतात." मिळतात, खरंय. पुढची चाकं ओढून गाडी सावरतात. पण ते मला पोहण्याच्या टाकीत उभं राहून हात मारल्यासारखं वाटतं.

शाळेमागचं मैदान आठवतं? पाऊस पडून गेला की सायकलचा मागचा ब्रेक दाबून आपण चिखलात अर्धवर्तुळं काढायचो. तू दर वेळी घाबरून पुढचा ब्रेक दाबायचास आणि हँडलवरून उडायचास. कोपरावरची खूण अजून आहे ना? व्हिडिओत मला तोच मंग्या दिसला. तेव्हाही सायकल बदलून मागायचास.

गेममधल्या ज्वालामुखीच्या घाटात इतक्यात जाऊ नकोस. जंगलातली ती जुनी धावपट्टी आहे ना, तिथे ये. मोकळी आहे, आपटायला फारसं काही नाही. नुसते आठचे आकडे काढू, मी तुझ्या मागे राहीन. शनिवारी रात्री साडेदहाला, पोरगी झोपल्यावर. त्याआधी डिफरन्शियलचे ते दोन आकडे तेवढे बदलून ठेव आणि ते राक्षसी इंजिन काढून टाक.

काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे आता? त्यांना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या

ता. क. माझी गाडी आकाशी रंगाची आहे. व्हिडिओत ज्या आकाशी गाडीला ठोकून तू पळालास, तो मीच होतो.