दम्याची तपासणी: येताना काय आणावं, काय पाहून यावं

सर्व सभासदांना नमस्कार. पुढच्या तपासणीला येताना इनहेलर, स्पेसर (इनहेलरला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) आणि मागच्या दोन आठवड्यांची पीक फ्लोची (जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो त्या आकड्याची) वही आठवणीने आणा. उपचार लागू पडतोय का, हे नुसत्या "बरं वाटतंय" वरून ठरत नाही.

पीक फ्लो सकाळ-संध्याकाळ, औषध घेण्याआधी, उभं राहून मोजा. तीनदा जोरात फुंका आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी नको. तुमच्या नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरण दिसू लागली तर डॉक्टरांना कळवा. ५० टक्क्यांखाली गेला तर आराम देणारा इनहेलर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

स्पेसरकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. प्लास्टिकवर स्थिर वीज साठली की औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं, फुप्फुसात पोचतच नाही. महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर वीज पुन्हा तयार होते. एका वेळी एकच फवारा, सावकाश खोल श्वास, मग दहा सेकंद रोखून धरा. दुसऱ्या फवाऱ्याआधी इनहेलर पुन्हा हलवा. स्टिरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

इनहेलरची डबी पाण्यात तरंगवून उरलेलं औषध कळत नाही, त्यावरचा काउंटर (उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा) पाहा.

आणि कळकळीची विनंती: खोकला थांबला म्हणून रोजचा इनहेलर परस्पर बंद करू नका. श्वासनलिकांची सूज त्रास जाणवण्याआधीच परतलेली असते.