काकांना पत्र : आमचा संघ जिंकला

डि मॉइन, आयोवा
९ जुलै २०१८

ती. काका आणि काकूंस,
सा. न. वि. वि.

पुराचं तुम्हाला आईकडून कळलंच असेल. ३० जूनच्या रात्री इथं असा काही पाऊस कोसळला की ओढ्याकाठच्या घरांची तळघरं भरली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळं आमचं काही बिघडलं नाही. काळजी करू नका. पत्राचं कारण वेगळंच आहे. परवा शनिवारी आमच्या गावाचा संघ फायनल जिंकला, तोही अवघ्या दोन गुणांनी, ४२-४०. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

संघाचं नाव आयोवा बार्नस्टॉर्मर्स. १९२०च्या सुमारास गावोगाव फिरून विमानाच्या कसरती करणाऱ्या वैमानिकांवरून हे नाव घेतलंय, म्हणून हेल्मेटवर वैमानिकाचे गॉगल रंगवलेले असतात. खेळ अमेरिकन फुटबॉल, पण छपराखालचा. आइस हॉकीच्या रिंगणात कृत्रिम हिरवळीच्या पट्ट्या अंथरल्या की मैदान तयार. लांबी ५० यार्ड, रुंदी ८५ फूट, एका बाजूला आठ गडी. बाहेरच्या फुटबॉलमध्ये अकरा असतात आणि मैदान याच्या दुप्पट लांब.

कडेला रेषेऐवजी जाड गाद्या लावलेली भिंत असते. त्यामुळं पळणारा गडी बाहेर जात नाही, आदळतो. आमची जागा तिसऱ्या रांगेत होती. एकदा चेंडू झेलता झेलता एक गडी भिंतीवरून अर्धा आत आला आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या मांडीवर पडला. आजोबांच्या हातातलं चीज त्याच्या जर्सीच्या नंबरावर सांडलं. त्यानं उठता उठता आजोबांच्या टोपीवर टपली मारली, आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप दिली, आणि तो तसाच पिवळ्या नंबरानं पुढचा डाव खेळायला गेला. तिकिटाचे पैसे तिथंच वसूल झाले.

तुम्ही असता तर पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला खेळ उमगला असता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडं. मोठ्या फुटबॉलमध्ये चौथ्या वेळी लाथ मारून चेंडू लांब धाडतात आणि सुटका करून घेतात, इथं ती पळवाट नाही. शिवाय चेंडू हलायच्या आधीच दोन गडी पुढं धावत सुटतात, ते समोर येईपर्यंत बचाव करणाऱ्याला वेग पकडायलाही वेळ मिळत नाही. एवढ्याशा जागेत ताकदीपेक्षा पायांची चलाखी जास्त लागते. आमच्याकडचा एक बुटका गडी तर थेट तुमच्या कबड्डी मंडळातला चढाईपटू वाटतो. कोपऱ्यात शिरल्याचं दाखवणार, समोरच्याचा पाय उचलला की मधून निसटणार. मी दोनदा 'पकड, पकड' म्हणून ओरडले. शेजारच्या बाईंनी काही विचारलं नाही, त्याही माझ्याबरोबर तेच ओरडायला लागल्या.

हा खेळ जिम फॉस्टर नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघाला. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो छपराखालचा सॉकर बघत बसला होता, तेव्हा त्यानं एका लिफाफ्यावर मैदानाचं चित्र काढलं. १९८७ला त्याची लीग सुरू झाली. १९९५ला आमचा संघही त्यानंच काढला. तो मूळचा आयोवाचाच. पण मधे हा संघच न्यूयॉर्ककरांनी नेला, आणि २००८पासून पुन्हा नव्यानं उभा राहिला. २०१५पासून तो दुसऱ्या एका लीगमध्ये खेळतो. एवढ्या वर्षांत कुठल्याही लीगचं अजिंक्यपद परवा पहिल्यांदा मिळालं. समोर होता सू फॉल्स स्टॉर्म. २०११ ते २०१६ सलग सहा वर्षं अजिंक्यपद घेतलेला दादा संघ. त्यांना आपल्या घरच्या मैदानावर हरवलं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता खरं सांगायचं ते सांगते. हा हंगाम सुरू होईल की नाही अशीच परिस्थिती होती. गेल्या वर्षी लीगमध्ये दहा संघ होते, यंदा सहा उरले. गेल्या वर्षी सॉल्ट लेक सिटीचा एक संघ होता, त्याचे डावपेच प्रेक्षक मोबाइलवर मतं देऊन ठरवायचे! एका हंगामात गाशा गुंडाळला. (मला तर ते ऐकूनच घाम फुटला. आपल्या मंडळात प्रेक्षकांनी चढाई ठरवायची म्हटलं तर काय होईल?) सहा संघ आणि चौदा सामने, म्हणजे त्याच त्या पाच संघांशी पुन्हा पुन्हा गाठ. प्रेक्षकांना वीट यायला हवा, पण उलटच झालं. सू फॉल्सचा कोण कुठं दुखावलाय, कोण कुणावर खार खाऊन आहे, हे सगळं मागच्या रांगेतल्या पोरांना तोंडपाठ होतं.

सामना संपला की प्रेक्षकांना मैदानात सोडतात. खेळाडू भिंतीला टेकून सह्या करत उभे असतात. त्यातल्या एकाशी मी बोलले. पंचविशीतला पोरगा, गुडघ्याला बर्फ बांधलेला. सकाळी शाळेत बदली शिक्षक म्हणून जातो, शाळा सुटली की सरावाला. सामन्यामागे मिळतात ते पैसे इतके थोडे की त्यावर घर चालत नाही. राहायची सोय संघ करतो. पुढं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'कर्ट वॉर्नर.'

इथं हे नाव सगळे घेतात. वॉर्नर इथल्याच सीडर रॅपिड्सचा. १९९४ला ग्रीन बेच्या मोठ्या संघानं त्याला सराव शिबिरातून घरी पाठवलं, तेव्हा तो सीडर फॉल्समध्ये हाय-व्ही या वाणसामानाच्या दुकानात रात्री फळ्या भरायचा, तासाला साडेपाच डॉलरवर. १९९५ ते १९९७ तो बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला. त्यानंतर सेंट लुईसच्या संघात गेला, जानेवारी २०००मध्ये सुपर बोल, म्हणजे मोठ्या फुटबॉलची फायनल, जिंकला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. गोष्ट खरी आहे, आणि छानच आहे. पण काका, मला वाटतं, या गोष्टीनं किती पोरांची चार-पाच वर्षं खाल्ली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. वॉर्नर एकच झाला. बाकीच्यांचे गुडघे गेले.

तेव्हा मला तुमची बँकेतली खुर्ची आठवली. आपल्याकडं कबड्डीत पैसा नव्हता म्हणून आपण किती रडलो, पण चांगल्या खेळाडूला बँक, रेल्वे, पोलीस कुठं ना कुठं चिकटवून घ्यायचे. चढाई करता येईनाशी झाली तरी पगार चालू आणि म्हातारपणी पेन्शन. इथं असलं काही नाही. करार संपला की संपलं. आणि आता आपल्याकडं रिशांक देवाडिगाला प्रो कबड्डीच्या लिलावात १ कोटी ११ लाख मिळाले म्हणून दादानं मला रात्री दोनला मेसेज केला! त्याच्यासाठी आनंदच आहे. पण मंडळातल्या पोरांना सांगा, लिलावाकडं बघून नोकरीचा अर्ज भरायचा राहू देऊ नका. माझं कुणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील.

बाकी इथं ठीक आहे. उन्हाळा चांगलाच तापलाय, मका डोक्याएवढा वाढलाय. पालख्या पुण्यातून पुढं निघाल्या असतील. काकू यंदा जाणार आहेत का? गुडघा दुखत असेल तर गाडीनं जा म्हणावं.

दादाबरोबर एक जर्सी पाठवते, तो डिसेंबरला येतोच आहे. मंडळातल्या मुलांच्या बुटांचे नंबर कळवा, इथं सेलमध्ये मॅटवर चालतील असे बूट स्वस्त मिळतात. सगळ्यांचे एकदम नाही जमणार, पण चढाईवाल्यांचे आधी पाठवते. पकडवाले रुसले तर तुम्ही बघून घ्या.

सगळ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी