सोन्याच्या खाण्यापिण्याविषयी, मे महिन्याच्या आधी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, सोन्या मे महिन्यात देवगडला राहायला येणार म्हणून तुम्ही स्मरणशक्तीचे सिरप, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि दुधात घालायच्या पावडरीचा मोठा डबा आणून ठेवल्याचे परवा फोनवर सांगितलेत. एवढ्याशा नातवाला एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारासाठी, रोज गोळी घ्यावी लागते हे तुमच्या मनाला किती लागले आहे ते मला कळते, आणि खाण्यापिण्याने किंवा एखाद्या टॉनिकने ती गोळी सुटली तर बरे, असे तुम्हाला वाटणेही साहजिक आहे. फोनवर मध्येच सोन्या येतो आणि बोलणे अर्धवट राहते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. सोन्याला यांतल्या कोणत्याच बाटलीची गरज नाही; त्याला गरज आहे ती ठरलेल्या वेळी पोटभर खाण्याची, आणि ते खाणे पुण्यात माझ्या हातून होते त्यापेक्षा तुमच्या घरी कितीतरी चांगले होऊ शकते.

आधी एक शंका दूर करते. लहानपणी त्याला काही कमी पडले म्हणून हे झाले का, असे आईने मला दोनदा विचारले. तसे नाही. जुळ्या मुलांवर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांतून एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के असल्याचे दिसून आले आहे. लक्ष एका जागी टिकवणे आणि मनात आलेली उबळ आवरणे या कामांत मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने लागतात, आणि सोन्याची मिथाइलफेनिडेटची गोळी त्यांचेच काम वाढवते. हे औषध साठहून अधिक वर्षे वापरात आहे. ते सुट्टीतही चालू ठेवायचे आहे असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, तेव्हा तुमच्याकडे असताना 'चार दिवस बंद ठेवून बघू' असे कृपा करून करू नका.

मात्र खाण्याचा आणि या आजाराचा काहीच संबंध नाही, असेही मी म्हणणार नाही. सर्वांत खरा संबंध लोहाचा आहे. मेंदूत डोपामिन तयार होण्याच्या पहिल्याच टप्प्यावर जे एन्झाइम काम करते, त्याला लोह लागते. शरीरातला लोहाचा साठा फेरिटिन या तपासणीतून समजतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा होत आलेला असू शकतो, आणि सोन्याचे नेमके तसेच निघाले. २००४ मध्ये फ्रान्समधील एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांचे सरासरी फेरिटिन २३ आणि इतर मुलांचे ४४ आढळले होते. त्याच संशोधकांनी २००८ मध्ये फेरिटिन कमी असलेल्या २३ मुलांवर बारा आठवडे प्रयोग केला. ज्यांना रोज ८० मिलिग्रॅम फेरस सल्फेट दिले, त्यांची लक्षणे एका मोजपट्टीवर कमी झाली, दुसऱ्या मोजपट्ट्यांवर फारसा फरक पडला नाही. प्रयोग छोटा होता आणि त्यातली सर्वच मुले लोहाच्या कमतरतेची होती, हे विसरून चालणार नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासले आणि मगच लोहाचे औषध सुरू केले. जस्ताचेही असेच आहे: तुर्कस्तान आणि इराणमधील चाचण्यांत त्याचा गुण दिसला, अमेरिकेतील चाचणीत दिसला नाही. जिथे मुळात उणीव आहे तिथे भरपाईचा उपयोग होतो, हे मला पटते. उणीव नसताना वरून ओतत राहण्याला मात्र मला काही आधार सापडत नाही. आपल्या देशात लोहाची उणीव नवलाची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता.

हे लोहाचे औषध मी त्याच्या बॅगेत पाठवते. ते दूध किंवा चहाबरोबर द्यायचे नाही, कारण दोन्हींमुळे लोह नीट अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर मात्र चांगले लागते. बाबा, तुमच्या चारच्या चहातला अर्धा कप त्याला देण्याची तुमची सवय मला माहीत आहे. तो अर्धा कप लोहालाही आडवा येतो आणि रात्रीच्या झोपेलाही, म्हणून या वेळी नको. आणि बाटली वरच्या फळीवर, कुलूप असलेल्या कपाटात ठेवा. लोहाचे औषध जास्त पोटात गेले तर लहान मुलांच्या जिवावर बेतते, आणि शेजारची दोन्ही छोटी मुले दिवसभर आपल्याच घरात असतात.

आता जेवणाच्या वेळा, ज्यांच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले आहे. या गोळीने भूक मरते. सकाळी गोळी घेतली की दुपारी ताट समोर ठेवले तरी तो दोन घास खाऊन उठतो, आणि संध्याकाळी गोळीचा अंमल उतरला की एकदम कडकडून भूक लागते. त्यामुळे सकाळची न्याहारी गोळीच्या आधी आणि भरपेट झाली पाहिजे. आई, तू घावन, आंबोळ्या किंवा नाचणीची भाकरी करशीलच, पण तिच्याबरोबर अंडे, मुगाची उसळ किंवा दही असे काहीतरी असू दे. नुसत्या पेजेने त्याचे भागत नाही. पोहे केलेस तर वर लिंबू पिळ. दुपारी तो जेवला नाही म्हणून त्याच्यामागे ताट घेऊन फिरू नकोस आणि रागावूही नकोस, कारण तो हट्ट करत नसतो, त्याला खरोखरच भूक नसते. दुपारचे राहिलेले संध्याकाळी साडेसहा-सातला भरून निघते. तेव्हा पूर्ण जेवण तयार ठेव, आणि झोपण्यापूर्वी एक कप दूध आणि शेंगदाण्याचा किंवा अहळिवाचा एखादा लाडू दे. डॉक्टर दर भेटीत त्याची उंची आणि वजन मोजतात, कारण या औषधाने मुलांची वाढ थोडी मंदावू शकते. गेल्या वेळी वजन जेमतेम टिकले होते. तुमच्याकडे महिनाभर हे वेळापत्रक सांभाळले गेले तर मला फार मोठा आधार होईल.

पावडरीचा डबा मात्र परत करता आला तर करा. अशा बहुतेक पावडरींमध्ये माल्ट आणि साखर यांचाच भरणा असतो, आणि तो ग्लासभर गोड दूध प्यायला की जी थोडी भूक उरलेली असते तीही जाते. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नयेत अशी सूचना केली होती.

माशाच्या तेलाचा तुम्ही केलेला विचार चुकीचा नाही. ओमेगा-३ स्निग्धाम्लांवर एडीएचडीच्या संदर्भात पुष्कळ संशोधन झाले आहे. २०११ मध्ये दहा चाचण्या आणि ६९९ मुलांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा होता, की गुण येतो, पण तो थोडा आणि औषधाच्या मानाने बराच कमी असतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांवर त्याचा परिणाम होत नसल्याचे दिसले. म्हणून मी कॅप्सूलवर पैसे घालवणार नाही. तुम्ही आणलेल्या कॅप्सूल माशाच्या यकृताच्या तेलाच्या असतील, तर एक धोकाही आहे. त्यांत अ आणि ड जीवनसत्त्वे असतात, ती जास्त झाली की लघवीवाटे निघून न जाता शरीरात साठत जातात, आणि ड जीवनसत्त्वाचा डोस त्याला डॉक्टरांकडून आधीच मिळतो आहे. बांगडा, तारली आणि पेडवे यांत ओमेगा-३ भरपूर असते, शिवाय प्रथिने असतात, आणि आई, तिरफळ घातलेले तुझ्या हातचे बांगड्याचे सार तो न सांगता दोनदा मागून घेतो. आठवड्यातून दोन-तीनदा मासे मिळाले तर त्याला आणखी काही नको.

सिरपबद्दल लिहिताना मन थोडे जड होते, कारण आयुर्वेदावर तुमची श्रद्धा आहे आणि ती मला दुखवायची नाही. ब्राह्मीवर मुलांमध्ये झालेले अभ्यास लहान आणि थोड्या मुदतीचे आहेत. त्यांच्या आधारे तिच्यावर औषधासारखा भरवसा ठेवावा, असे मला वाटत नाही. माझी मोठी चिंता वेगळीच आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली, दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते आणि त्यानेच लक्ष लागेनासे होते. तुमच्या बाटलीत तसे काही आहे असे मी म्हणत नाही, पण नाही याची खात्रीही घरी करता येत नाही. बाटलीच्या मागच्या लेबलाचा फोटो मला पाठवा, मी डॉक्टरांना दाखवीन आणि ते सांगतील तसे करू. आई, ब्राह्मीचे तेल त्याच्या डोक्याला चोळायला काहीच हरकत नाही. तू चोळतेस तेव्हा तो पाच मिनिटे एका जागी बसतो, एवढे मी पाहिले आहे.

आंब्याचे आणि गोडाचे तुम्ही विचारले होते. साखरेने मुले चेकाळतात हा समज जगभर आहे, पण १९९५ मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा मुलांच्या वागण्यावर साखरेचा तसा परिणाम आढळला नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. सगळ्या मुलांना साखर नसलेले पेय दिले आणि काही आयांना मात्र साखर दिल्याचे सांगितले; त्या आयांना आपली मुले जास्त वळवळी वाटली आणि त्या मुलांना जास्त टोकत राहिल्या. हे वाचल्यापासून मी सोन्याला टोकण्याआधी क्षणभर थांबते. तेव्हा हापूस त्याला मनसोक्त खाऊ द्या, फक्त जेवणाच्या तोंडावर नको. कृत्रिम रंगांचे मात्र वेगळे आहे. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्पटनला झालेल्या चाचणीत सहा खाद्यरंग आणि पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणांनी मुलांची चंचलता थोडी वाढल्याचे दिसले, आणि २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापणे बंधनकारक झाले. त्यांतले टार्ट्राझिन आणि सनसेट यलो आपल्याकडे सर्रास वापरतात. परिणाम लहान आहे, पण ते रंग टाळण्यात काही तोटाही नाही. नाक्यावर मिळणाऱ्या लालपिवळ्या पेप्सीच्या बर्फाळ कांडीऐवजी घरचे कोकम सरबत द्या, म्हणजे झाले.

गोळ्यांची पाकिटे, लोहाची बाटली आणि वेळा लिहिलेला कागद त्याच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असेल. दर रविवारी सकाळी न्याहारीच्या आधी त्याचे वजन करून मला कळवा, आणि सलग दोन-तीन दिवस संध्याकाळीही तो जेवला नाही तर रविवारची वाट न पाहता लगेच फोन करा. आई, मासेवाल्या काकूंना आत्ताच सांगून ठेव. १ जूनपासून मासेमारी बंद होते, आणि तो तुमच्याकडे आहे तोवर बांगडे मिळाले पाहिजेत.

बाबा, गुडघ्याला जपा.

तुमची,
ताई