अण्णांच्या वह्या रद्दीत देऊ नकोस

हॅरिसबर्ग, पेन्सिल्व्हेनिया
रविवार, रात्री

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर घाईत बोललो. ‘अण्णांच्या वह्या रद्दीत देऊ नकोस’ एवढंच मी दोन-तीनदा म्हणालो आणि तू ‘बरं बाबा, थांबतो’ म्हणालास. पण का थांबायचं ते मला सांगता आलं नाही. तुझ्याकडे घर रिकामं करायची गडबड, रंगारी दारात उभा, आणि मी इतक्या लांबून जुन्या कागदांचा हट्ट धरतोय. म्हणून आज निवांत बसून लिहितो. पत्र लांबणार आहे.

भुसावळच्या यार्डावरचा तो पूल तुला आठवत असेलच. शाळा सुटली की आपण दप्तरासकट तिथे. बाकीच्या पोरांना इंजिन हवं असायचं. मी वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मोजायचो. ‘म रे’ लिहिलेल्या सोडून द्यायच्या, त्या घरच्याच. ‘द पू’, म्हणजे दक्षिण पूर्व रेल्वेची, दिसली की तू ओरडायचास, कारण ती लांबून आलेली. आणि अण्णा! एकदा त्यांनी आपल्याला त्यांच्या ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात, बसवून यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं होतं. मांडीवर वही, हातात शाईची पेन्सिल. टोक जिभेला लावून लिहायचे आणि मग संध्याकाळभर जिभेवर जांभळा डाग. तुझी आई त्यांना त्यावरून बोलायची. ते काय लिहितात, हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

आता इकडचं सांगतो. गेली बारा-तेरा वर्षं मी वाफेच्या काळातल्या अमेरिकन मालगाड्यांच्या वाघिणी बनवतोय हे तुला माहीत आहे, फोटोही पाठवले होते. प्रमाण १:८७, म्हणजे चाळीस फुटी वाघीण साडेपाच इंचांची होते. तू तेव्हा ‘छान खेळणी आहेत’ म्हणाला होतास. मला वाईट वाटलं नाही, पण तेव्हाच हे लिहायला हवं होतं.

खरं काम हातांचं कमी, शोधाचं जास्त आहे. इंजिनांचे फोटो लोकांनी हजारोंनी काढले. इंजिन समोर उभं राहिलं की कॅमेरा त्याच्यावर. मागची पहिली वाघीण अर्धी आली तर आली, पुढच्या साठ-सत्तर कुणी पाहिल्याच नाहीत. कारखान्यातून नवी वाघीण बाहेर पडली की कंपनी तिचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवायची, पण तो तिच्या पहिल्या दिवसाचा. पुढची तीस वर्षं ती कशी दिसत होती, हे कुणाच्या तरी इंजिनाच्या फोटोत, कोपऱ्यात, धूसर सापडतं. मी भिंगाखाली तसले कोपरे बघत तासन्‌तास बसतो.

सात वर्षांपूर्वी इथल्या एका जुन्या रेल्वे-वस्तूंच्या बाजारात पुठ्ठ्याच्या खोक्यात मला एक खिशातली वही मिळाली. मालगाडीच्या कंडक्टरची, म्हणजे आपल्याकडच्या गार्डची. साल १९४८, अल्टूना ते इनोला, पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचा मिडल डिव्हिजन. इनोला म्हणजे माझ्या घरासमोर, नदीपलीकडचं यार्ड. पान उघडलं आणि माझा हात थांबला. अक्षरं जांभळी होती. तीच शाईची पेन्सिल, सुधीर. मी किंमतही न विचारता वही खिशात घातली आणि मग पैसे दिले.

एका पानावर एका गाडीच्या ७१ वाघिणी आहेत. प्रत्येक ओळीत मालक रेल्वेची अक्षरं, वाघिणीचा नंबर, भरलेली की रिकामी, आत काय, कुठे जायची. तेव्हापासून मी तीच गाडी बनवतोय. २३ वाघिणी झाल्या.

तू म्हणशील, वाघीण ती वाघीण. मीही तसंच धरून चाललो होतो. त्या यादीत सर्वांत जास्त वेळा येणारी बंद वाघीण म्हणजे एक्स-२९. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडनं १९२४ ते १९३४ या काळात अशा जवळपास २९ हजार बांधल्या. पूर्ण पोलादी, चाळीस फुटी, आतून ८ फूट ७ इंच उंच, १ लाख पौंड माल घेणारी, म्हणजे सुमारे ४५ मेट्रिक टन. आपल्याकडच्या चार चाकी वाघिणीच्या जवळपास दुप्पट. रस्त्यावरच्या आजच्या माणसाला सगळ्या एक्स-२९ सारख्याच वाटतील. पण आधीच्यांची दारं तीन सपाट तुकड्यांची, नंतरच्यांची नागमोडी पत्र्याची. शेवटची भिंत आधी सपाट पत्र्याची, पुढे उंचवटे ठोकलेली. पोटाखाली ब्रेकची नळकांडी आणि हवेची टाकी जुन्या पद्धतीत एकमेकांना जोडलेली असे. १९३३ पासून नव्या वाघिणींना नवा ब्रेक आला, त्यात टाकी वेगळी, नळकांडं वेगळं, झडप वेगळी. जुन्यांचे ब्रेक टप्प्याटप्प्यानं बदलत गेले. शिवाय या वाघिणींच्या बाजूचा पत्रा खालून गंजायचा, मग तेवढा भाग कापून वर ठिगळ रिव्हेट करायचे. एकीला ठिगळ आहे, शेजारचीला नाही. त्यामुळे ‘एक्स-२९ बनवली’ असं म्हणताच येत नाही. अमुक नंबरची, अमुक महिन्यातली, असंच म्हणावं लागतं.

पहिल्या एक्स-२९ ला मला चार महिने लागले. शेवटी अक्षरं चिकटवली आणि एका जाणत्या माणसाला अभिमानानं दाखवली. त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं की बाजूवर लावलेला सावलीवाला मोठा कीस्टोन, म्हणजे कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराची या रेल्वेची खूण, १९५४ साली आली. माझी गाडी १९४८ ची. रात्री स्पिरिटनं सगळी अक्षरं पुसून काढली. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं सांगत नाही. पण दुसरी वाघीण बनवताना मी आधी सहा महिने फक्त वाचत होतो.

तेव्हा कळलं की वाघिणीच्या बाजूवर तिचं सगळं चरित्र रंगवलेलं असतं. बांधणीचा महिना. भारक्षमता. रिकामीचं वजन, आणि त्याच्या शेजारी ते शेवटचं कधी व कुठे केलं त्याची खूण, कारण दुरुस्तीत वजन बदलतं म्हणून ठरावीक मुदतीनं ती पुन्हा काट्यावर चढवायची आणि नवा आकडा रंगवायचा. जुना रंग मळलेला आणि मध्येच त्या आकड्याखाली ताज्या रंगाचा छोटा चौकोन. त्या चौकोनावरून वाघीण जिवंत वाटते. यार्डातल्या माणसांनी खडूनं लिहिलेल्या खुणाही असतात. त्या मी सर्वांत शेवटी, पांढऱ्या पेन्सिलीचं टोक सुईसारखं करून काढतो.

कोणत्या रेल्वेकडे कोणत्या नंबरांच्या किती वाघिणी, त्यांची मापं काय, याची एक जाडजूड अधिकृत यादी वर्षातून चार वेळा निघत असे, ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर. कंडक्टरच्या वहीतला नंबर घ्यायचा, त्या यादीत शोधायचा, मग कळतं की ही लाकडी की पोलादी. तिथून बांधणीचे नकाशे आणि फोटो. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचे पुष्कळ कागद इथून गाडीनं दोन तासांवर विल्मिंग्टनच्या हॅगले ग्रंथालयात आहेत. पेन आत चालत नाही, टिपायचं ते पेन्सिलीनं. माझ्या हातात पहिल्यांदा मूळ नकाशा आला तेव्हा मी बराच वेळ काही टिपूनच घेतलं नाही, नुसता बघत होतो.

रंगाचं तर वेगळंच प्रकरण. बहुतेक बंद वाघिणी तांबूस तपकिरी, पण प्रत्येक रेल्वेची छटा निराळी. एक जरा नारिंगीकडे, एक काळपट, आणि ऊन-धुरानं दहा वर्षांत तिसरीच. फोटो काळे-पांढरे, मग कळणार कसं? १९४२-४३ मध्ये जॅक डेलानो नावाचा सरकारी छायाचित्रकार शिकागोच्या यार्डांमध्ये फिरला आणि त्यानं काही फोटो रंगीत कोडाक्रोम फिल्मवर काढले. ते आज अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात कुणालाही पाहायला मिळतात. यार्डाचा एक फोटो मोठा करून बघितला आणि मला एकदम आजीच्या अंगणातलं तुळशी वृंदावन आठवलं. गेरू रे! दिवाळीच्या आधी आजी गेरू भिजवून हात फिरवायची तोच रंग. आणि आहेही तेच: लोखंडाचा गंज. स्वस्त आणि उन्हात टिकणारा, म्हणून पुष्कळ रेल्वेंनी तोच लावला. पुढच्या खेपेला येशील तेव्हा जळगावच्या बाजारातून पावशेर गेरू आण. मी वाघिणीवर धूळ बसवायला वापरीन.

हाताचं काम थोडक्यात सांगतो. बाजूच्या, टोकांच्या भिंती रेझिनच्या ओतीव मिळतात. शिडीच्या पायऱ्या आणि धरायच्या कड्या आपण तारेच्या वळवायच्या, तार ०.३ मिलिमीटरची, भोकं ०.३४ मिलिमीटरच्या ड्रिलनं हातानं पाडायची. ड्रिल श्वासानंही मोडतो. छपरावर मधोमध लाकडी फळ्यांची वाट असते, ब्रेकमन तिच्यावरून चालत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचे, बर्फातसुद्धा. ती वाट बनवताना मी नेहमी सावकाश होतो. शेवटी वजन. इथल्या मॉडेलकारांच्या राष्ट्रीय संघटनेचा ठोकताळा असा की एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे माझी वाघीण सुमारे १०६ ग्रॅमची. तेवढी झाली की ती रुळावर खऱ्यासारखी चालते, उड्या मारत नाही.

पण त्या जांभळ्या वहीनं मला जे दिलं ते कुठल्याच नकाशात नव्हतं. माझी समजूत होती की पेन्सिल्व्हेनियाच्या गाडीत बहुतेक वाघिणी पेन्सिल्व्हेनियाच्याच असणार. कोळशाच्या हॉपर, म्हणजे खालून रिकाम्या होणाऱ्या उघड्या वाघिणी, तशाच होत्या, खाणीतून येतात आणि खाणीकडे परत जातात. बंद वाघिणी मात्र साऱ्या देशाच्या. त्या काळी अमेरिकेत मालगाडीच्या वाघिणी वीस लाखांच्या घरात होत्या. दुसऱ्याच्या रुळावर उभी असलेली वाघीण म्हणजे मालकाला रोजचं भाडं द्यावं लागे, तरी रिकामी झाली की जवळचा माल भरून पुढे पाठवायचे. म्हणून ओरेगॉनचं लाकूड घेऊन आलेली सदर्न पॅसिफिकची वाघीण माझ्या यादीत मेन राज्यातल्या बटाट्यांच्या वाघिणीशेजारी आहे. आणि कॅलिफोर्नियाची संत्री घेऊन येणाऱ्या पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसच्या सलग पाच, दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे, छपरावर बर्फ टाकायची झाकणं, बाजू पिवळ्या-नारिंगी. वाटेत ठिकठिकाणी थांबवून बर्फ भरायचे. हे मी माझ्या डोक्यानं कधीच मांडलं नसतं. एका माणसानं हलत्या डब्यात बसून लिहून ठेवलं म्हणून मला माहीत आहे. त्याच्या घरच्यांनी खोकं विकलं, फेकलं नाही, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

आता तुला समजलं असेल मी परवा तसा का बोललो. अण्णांच्या वह्यांत काय आहे मला माहीत नाही. कदाचित नुसत्या वेळा असतील, कदाचित इंजिनाचा नंबर आणि वाघिणींची संख्या. पण रावेर, सावद्याहून केळी भरलेल्या वाघिणी दिल्लीकडे जायच्या, त्यातल्या एखाद्या गाडीचं पान असलं तर? आपण पुलावरून मोजलेली एखादी गाडीसुद्धा त्यात असेल.

म्हणून एवढं कर. वह्या ज्या क्रमानं ट्रंकेत आहेत त्याच क्रमानं बाहेर काढ आणि वर बाहेरून चिठ्ठीवर आकडा टाक. मधल्या सुट्या चिठ्ठ्या जिथे आहेत तिथेच राहू देत. गंजलेल्या पिना ओढू नकोस, कागद फाटेल. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात एकेका पानाचा फोटो काढ, फ्लॅश नको. कोरी पानं आणि मागचं पुठ्ठं सोडू नकोस, माणसं खरं तिथेच लिहितात. सूनबाई मोबाईलवर पटकन करून देईल. मी डिसेंबरात येतोय, तेव्हा बाकीचं दोघं मिळून वाचू. केळीची एक वाघीण करून संत्र्यांच्या पिवळ्या वाघिणींशेजारी ठेवायची आहे. तिच्या दाराची कडी कशी होती, हवा जायला फटी कुठे होत्या, हे पानं चाळताना काही आठवलं तर त्याच दिवशी लिहून ठेव. तू माझ्यापेक्षा जास्त वेळा जवळून पाहिल्या आहेस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक

ता. क. शाईच्या पेन्सिलीची अक्षरं ओल लागली की जांभळी पसरतात आणि मग काही वाचता येत नाही. रंगारी भिंती घासायला घेईल त्याआधी ट्रंक दुसऱ्या खोलीत, जमिनीपासून वर ठेव.